छातीचं ऑपरेशन: टाके किती, याआधी आकार काय राहील ते विचारा

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की पहिला प्रश्न जिवाचा असतो, दुसरा खर्चाचा. तिसरा येतो तो घरातली माणसं औषधाच्या दुकानाकडे गेली की, खालच्या आवाजात: "सिस्टर, दुर्बिणीनं हुतंय का वो? आमच्या जावंची पित्ताची पिशवी दुर्बिणीनंच काढली. बारीक भोकं पाडली, बास."

मी मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. आता सांगलीत, विश्रामबागला, घरीच ब्लाऊज शिवते आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका छातीचं ऑपरेशन झालेल्या असतात. टेबलावर जे झालं ते वर्षभरानं टेपखाली कसं दिसतं, हे दोन्ही मी पाहिलंय. मी डॉक्टर नाही. कुठलं ऑपरेशन करायचं ते तुमचे सर्जन ठरवतील. पण ते ठरण्याआधी काय विचारायचं, कसं विचारायचं आणि घरून काय तयारी करून जायचं, एवढं मला नीट सांगता येईल.

पोटातली दुर्बीण आणि छातीतली

पोट ही पोकळी आहे. पित्ताशय आत खोल असतं. सर्जनचा हात तिथं पोचावा म्हणून पूर्वी पोटाच्या स्नायूंमधून लांब चीर घ्यावी लागायची आणि पेशंटला छळायची ती ही चीरच. दुर्बीण आली, कार्बन डायऑक्साइडनं पोट फुगवून भोकांतून काम व्हायला लागलं आणि दुखणं, मुक्काम, कामावर परत जाणं, सगळंच सोपं झालं. म्हणून आपल्याकडे "दुर्बिणीनं" म्हणजे चांगलं, "उघडून" म्हणजे जुनाट, असं डोक्यात बसलंय.

स्तन मात्र कातडीच्या लगेच खाली, छातीच्या स्नायूवर बसलेला असतो. तिथं पोचायला काही फाडावं लागत नाही. आजकाल उघड्या ऑपरेशनातही स्नायू शाबूत ठेवतात. त्यामुळे पोटातला मुख्य फायदा इथं मुळातच नाही. दुर्बिणीनं किंवा रोबोनं छातीत मिळतं ते हे, की चीर लपवायला जागा निवडता येते. काखेत किंवा काखेखाली कडेला साधारण ३ ते ५ सेंटीमीटरची एक चीर घेतात. कातडी आणि स्तनाग्र जागेवर ठेवून आतला स्तन सगळीकडून सोडवतात आणि त्या चिरेतून बाहेर काढतात. गादीची खोळ न फाडता एका कोपऱ्याची शिवण उसवून कापूस काढावा तसं. आणि काढलेला भाग अख्खा बाहेर यावा लागतो, कारण पॅथॉलॉजीत त्याच्या कडा तपासायच्या असतात. पित्ताशयासारख्या अगदी बारीक भोकांवर इथं भागत नाही.

आता खोळ रिकामी झाली, पुढं काय? हा प्रश्न बायका विचारायचा विसरतात. आत काही भरलं नाही तर नुसती कातडी लोंबते. म्हणून असं ऑपरेशन जवळजवळ नेहमी त्याच वेळी इम्प्लांट बसवून किंवा पाठीचं, पोटाचं मांस वळवून करतात. म्हणजे "दुर्बिणीनं करा" म्हणताना तुम्ही खरं तर दोन ऑपरेशनं मागताय. खर्च, वेळ आणि पुढची देखभाल दोन्हींची धरा.

त्याआधीचा प्रश्न: अख्खा स्तन काढायलाच हवा का?

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथं पडतो, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी विचारला जातो तोही हाच प्रश्न.

१८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. त्याच साली अमेरिकेत हालस्टेड नावाच्या सर्जननं आपल्या मोठ्या ऑपरेशनचे निकाल छापले. स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (प्रत्येकीलाच असणाऱ्या लसीका ग्रंथी), सगळं एकदम काढायचं. बाईच्या बरगड्या दिसायच्या, हात सुजायचा. पुढं कित्येक दशकं जगभर हेच चाललं. मग इटलीत मिलानला व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत फिशर यांनी बायकांचे दोन गट करून तपासलं: एका गटाचा अख्खा स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठीचा भाग काढून वर शेक (रेडिएशन) दिला. वीस वर्षं पाठपुरावा करून दोघांचेही निकाल २००२ मध्ये आले. जगण्यात फरक नाही.

शेक मात्र हवा. फिशर यांच्या अभ्यासात तिसरा गटही होता: ज्यांचा स्तन राखला पण शेक दिला नाही, त्यांच्यापैकी ३९ टक्के बायकांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली. शेक घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. जत, आटपाडीकडच्या बायका "रोज यष्टीनं मिरजेला कोण नेणार" म्हणून अख्खा स्तनच काढून मोकळ्या व्हायच्या, हे मी पाहिलंय. आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांचा, १५ वेळचा शेक पुरतो आणि काही जणींचा तर पाच वेळांत, एका आठवड्यात होतो. तुमच्या बाबतीत किती, ते आधी विचारा आणि मग प्रवासाचं गणित मांडा. शिवाय गाठ मोठी असेल किंवा काखेत पसरलेली असेल, तर स्तन काढूनही शेक चुकत नाही. अशा वेळी शेक वाचवायला म्हणून स्तन काढलेला फुकट जातो.

गाठ मोठी आहे म्हणून लगेच हार मानू नका. आधी केमो देऊन गाठ आटवतात आणि मग स्तन राखता येतो का ते बघतात. असं ठरलं तर एक विचाराच: "केमोआधी गाठीत क्लिप बसवणार का?" धातूची बारीक क्लिप असते. गाठ पूर्ण विरली तर नेमकं कुठं कापायचं हे तिच्यावरून कळतं.

काही जणींचा स्तन राखता येत नाही. एकाच स्तनात लांब लांब पसरलेला आजार, कडा मोकळ्या न मिळणं (म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडत राहणं), पूर्वी छातीला शेक झालेला असणं, पोटात बाळ असल्यानं शेक देता न येणं, किंवा कातडी लाल होऊन संत्र्याच्या सालीगत झालेला दाहक प्रकार. यातलं काही असेल तर तसं स्पष्ट सांगायला सांगा. कारण कळलं की बाई निर्णय पचवते. नुसतं "काढावं लागेल" म्हटलं की आयुष्यभर मनात राहतं.

आकार कशावर ठरतो

टेपवाली म्हणून सांगते, वर्षभरानं चिरेची लांबी कुणालाच आठवत नाही. दिसतो तो खड्डा, एका बाजूला वळलेलं स्तनाग्र आणि वरखाली झालेल्या दोन बाजू.

पहिलं बघायचं ते प्रमाण. किती सेंटीमीटरची गाठ यापेक्षा स्तनाचा कितवा हिस्सा जाणार हे महत्त्वाचं. साधारण २० टक्क्यांपर्यंत गेला तर आजूबाजूचंच मांस सरकवून खड्डा बुजवता येतो. त्याहून जास्त, निम्म्यापर्यंत जाणार असेल, तर ऑन्कोप्लास्टिक पद्धत लागते, म्हणजे कॅन्सरचं ऑपरेशन करतानाच स्तनाला नवा घाट द्यायचा. लहान छातीच्या बाईची दोन सेंटीमीटरची गाठ मोठ्या छातीच्या बाईच्या चार सेंटीमीटरच्या गाठीपेक्षा जास्त आकार बिघडवू शकते.

मग जागा. वरच्या बाहेरच्या भागातली, काखेकडची गाठ त्यातल्या त्यात सोयीची, तिथं मांस भरपूर असतं. खालच्या भागातली गाठ नुसती काढून कातडी ओढून शिवली, तर शेक झाल्यावर स्तनाग्र खाली झुकतं. छातीच्या मध्याकडची, वरच्या आतल्या भागातली गाठ सगळ्यात अवघड: तिथं मांस कमी, पदर सरकला की तीच जागा दिसणार आणि तिथला व्रण जाडही होतो. आपल्या सावळ्या कातडीला तर व्रण वाढायची खोड असते. आधीची कुठली जखम जाड, खाजरी झाली असेल, कान टोचलेल्या जागी गाठ आली असेल, तर ते सर्जनला न विचारता सांगा.

तिसरं म्हणजे शेक. सुरुवातीला सूज, काळपटपणा. मग हळूहळू स्तन घट्ट आणि थोडा लहान होतो, आणि हे पुढं दोन-तीन वर्षं चालू राहू शकतं. दुसरा स्तन मात्र वयानं, वजनानं बदलत जातो. म्हणून तीन महिन्यांनी आरशात बघून निकाल लावू नका, ना चांगला ना वाईट.

आता गंमत बघा. मोठी, ओघळलेली छाती असलेल्या बाईला कधी कधी सगळ्यात लांब चीर असलेलं ऑपरेशनच सगळ्यात देखणं ठरतं. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभी आणि घडीत आडवी अशी चीर घेऊन गाठ काढतात, स्तन लहान करून वर उचलतात आणि जमलं तर दुसरी बाजूही जुळवून घेतात. टाके भरपूर. पण आकार सुबक, शिवाय मान-खांद्यावरचं वजन उतरतं ते वेगळंच. हीच बाई "एकच बारीक चीर" धरून बसली असती तर हे मिळालं नसतं.

दुर्बीण किंवा रोबो कुणाला, आणि पुरावा काय

छाती लहान ते मध्यम, फार ओघळलेली नाही, गाठ कातडीपासून आणि स्तनाग्रापासून लांब, कातडीवर आजार नाही, आणि तरी काही कारणानं आतला सगळा स्तन काढावा लागणार. अशा बाईला हे ऑपरेशन शोभतं. मोठ्या, ओघळलेल्या स्तनात स्तनाग्रापर्यंत रक्त पोचणं आधीच अवघड असतं. कातडी राखायच्या नादात ती काळी पडून गळण्याचा धोका वाढतो.

पुरावा आहे, पण थोडा. रोबोनं असं ऑपरेशन पहिल्यांदा मिलानच्याच सर्जननी २०१४ च्या सुमारास केलं. पुढं त्यांनी ८० बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, निम्म्या रोबोनं, निम्म्या उघड्या पद्धतीनं. उघड्या पद्धतीपेक्षा रोबोला सरासरी सव्वा तासाहून थोडा अधिकच वेळ जादा लागला. गुंतागुंती सारख्याच. पण बायकांनाच विचारल्यावर, ब्रेस्ट-क्यू नावाच्या प्रश्नावलीवर, रोबोच्या गटातल्या बायका आपल्या छातीबद्दल जास्त समाधानी निघाल्या. हे बिनमहत्त्वाचं नाही. समोर, स्तनावर व्रण नसणं बाईला बरं वाटतं, यात शंका नको.

दुसऱ्या पारड्यात हे ठेवा: फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर सूचना काढली, की स्तन काढण्यासाठी रोबोचा वापर सुरक्षित आणि परिणामकारक आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. काळजी दिसण्याची नव्हती, कॅन्सर परत येण्याची आणि जगण्याची होती, आणि ते कळायला लांबचा पाठपुरावा लागतो. म्हणून सर्जनना विचारायचं: "तुम्ही स्वतः अशी किती केलीत? त्या बायका आता कशा आहेत?" विचारायला लाजू नका. चांगला सर्जन रागावत नाही. जो रागावला त्याच्याबद्दल तुम्हाला काहीतरी कळलंच.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. आतला सगळा स्तन काढल्यावर स्तनाग्र जागेवर दिसलं तरी तिथली संवेदना बहुतेक वेळा जाते. नसाच कापल्या जातात. चीर काखेत असो, घडीत असो की समोर, त्यानं फारसा फरक पडत नाही. दिसायला पहिल्यासारखं आणि हाताला बधिर, हे ज्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं त्या नंतर फार हादरतात. शिवाय स्तनाग्रामागचा तुकडा तपासायला जातो. तिथं आजार निघाला तर स्तनाग्र काढावं लागतं. ही तयारी ठेवूनच टेबलावर जा.

आणि उघड्या पद्धतीत कातडी-स्तनाग्र राखता येत नाही असं मुळीच नाही. स्तनाखालच्या घडीत चीर घेऊन तेच काम होतं आणि उभं राहिल्यावर तो व्रण घडीतच जातो. मला तरी आपल्याकडच्या बाईसाठी हा मधला रस्ता बरेचदा पुरेसा वाटतो. रोबोसाठी मोठं शहर गाठायचं, नातेवाईकांकडे मुक्काम करायचा आणि ड्रेसिंगला परत तिकडंच धावायचं, हा हिशेब प्रत्येकीनं आपापला करावा.

भेटीला जाताना

रोजच्या वापरातला ब्लाऊज आणि ब्रा घालून जा. एक मोठ्या गळ्याचा ब्लाऊज, लग्नकार्यात घालता तो, पिशवीत टाका. सर्जन चिरेच्या खुणा ऑपरेशनच्या आधी, तुम्हाला उभं करून किंवा बसवून मार्कर पेननं करतात, कारण आडवं झाल्यावर स्तन पसरतो आणि सगळ्या जागा बदलतात. त्याआधी गळ्याची कड, बाहीचा मुंढा आणि ब्राची खालची पट्टी कुठं येते ते दाखवा, पेननं रेघ ओढून घ्या. जिथं आजाराच्या दृष्टीनं चालत असेल तिथं सर्जन चीर त्या रेघेच्या आत बसवायचा प्रयत्न करतात. पाठीचं मांस वळवणार असतील तर पाठीवरही व्रण येणार. मागं मोठा गळा घालायची आवड असेल तर तेही सांगा, ब्राच्या पट्टीखाली लपेल अशी चीर बऱ्याचदा घेता येते.

मिश्री. हो, इथंच. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी दात घासायची असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कातडी राखून केलेल्या ऑपरेशनात ती कातडी याच बारीक वाहिन्यांवर जगते. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद करा आणि जखमा भरेपर्यंत पुन्हा धरू नका. साखर असेल तर ती ताब्यात आणा. या दोन गोष्टींनी दिसण्यात जो फरक पडतो तो महागड्या यंत्रानं पडेलच असं नाही.

फोटो काढून ठेवा, ऑपरेशनआधी: समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, मानेपासून कमरेपर्यंत, चेहरा नको. नंतर सहा महिन्यांनी, वर्षानं तसेच. सर्जनशी बोलायला, पुढं दुरुस्ती करायची झाली तर उपयोग होतो. फक्त फोन कुणाकुणाच्या हातात जातो ते बघा. एका ताईंचे फोटो गूगल फोटोजवरून घरातल्या टीव्हीवर झळकले होते, दिवाळीत, पाहुण्यांसमोर.

सोबत कोण येणार हेही ठरवून जा. नवरा, मुलगा, सासूबाई, सगळे आत. डॉक्टरांनी विचारलं, "आकाराबद्दल काही अपेक्षा?" की उत्तर दुसरंच कोणीतरी देतं: "जीव वाचला म्हंजे झालं, आता दिसण्याचं काय घिऊन बसलाय." बाई मान हलवते. असं होणार हे माहीत असेल तर नर्सला आधीच सांगा, पाच मिनिटं एकटीला बोलायचंय. आम्ही बाहेर काढतो सगळ्यांना, रक्तदाब बघायचाय म्हणून.

आणि पैसे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे बसून विचारा: नेमकं कोणतं ऑपरेशन मंजूर होतंय, स्तन राखण्याचं की काढण्याचं, नवा घाट देण्याचं काम त्यात बसतं का, इम्प्लांटचे पैसे कुणी भरायचे. तोंडी नको, कागदावर.

पूर्ण काढायचं ठरलं आणि काही बसवायचं नसेल तर

आपल्याकडच्या पुष्कळ जणी इथं येऊन थांबतात. त्यात कमीपणा नाही. पण "काढायचंच आहे तर आता काय बघायचं" असं नका म्हणू. सपाट छातीही सुबक किंवा ओबडधोबड असू शकते. सर्जनना सांगा: "मला सपाट, नीट शिवलेली छाती हवी. काखेखाली मांसाचा झोळ ठेवू नका." जाड अंगाच्या बायकांना चिरेच्या काखेकडच्या टोकाला हा झोळ राहतो. तो मुंढ्याच्या शिवणीला सारखा घासतो, उन्हाळ्यात घामानं कातडी सोलते. नंतर काढायचा म्हणजे पुन्हा भूल. तिथंच टेबलावर थोडी जास्त कातडी काढून, चीर थोडी लांबवून तो टाळता येतो. बघा, इथंही लांब चीरच कामाला आली.

काखेतल्या गाठींचं काय करणार तेही विचारा. सुरुवातीच्या आजारात सगळ्या न काढता आधी निळं औषध टोचून पहिल्या दोन-चार गाठी तपासता येतात. हाताची सूज त्यानं बरीच टळते. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते. घाबरून रात्री बेल वाजवू नका.)

नंतरचं

ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली रोज ठरल्या वेळी मोजून वहीत लिहा. चोवीस तासांत साधारण ३० मिलीलीटरच्या खाली आलं की नळी काढतात, डॉक्टरांचा आकडा थोडा वेगळा असू शकतो. घरी न्यायची असेल तर परकराच्या नाडीला बांधलेली कापडी पिशवी शिवून घ्या, हातात धरून फिरलं की नळी ओढली जाते.

जखम पूर्ण भरल्यावर, खपली पडून गेल्यावर, डॉक्टरांना विचारून व्रणावर बोटानं हलका मसाज आणि सिलिकॉन जेल किंवा पट्टी. हळद, कोरफड, कुणाच्या मावशीनं सांगितलेला लेप, काही नको, आणि शेक चालू असताना तर त्या जागी डॉक्टरांनी दिलेल्याशिवाय काहीच लावू नका. व्रणाला ऊन लागू देऊ नका, काळा पडतो. लाल, कडक व्रण मऊ, फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

ब्लाऊज शिवणाऱ्याला लाजून काहीतरी भलतं सांगू नका. ऑपरेशन झालंय म्हणा, म्हणजे माप नीट घेतलं जाईल. छातीचं एकच गोल माप इथं चालत नाही. हूकपट्टीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत डावं वेगळं, उजवं वेगळं. खांद्यापासून खालचं मापही दोन्हीकडं वेगळं. कटोरी टाळा, ती दोन बाजूंचा फरक ओरडून सांगते. प्रिन्सेस कटमध्ये दोन्ही बाजूंचं कापड वेगवेगळं कापून वरून रेघ सारखी दिसते. हूक पुढंच, हात मागं जात नाही पहिले महिने. आतून मऊ सुती अस्तर आणि ऑपरेशनच्या बाजूला अस्तरात कप्पा, वर तोंड असलेला.

कप्प्यात सुरुवातीला नुसत्या कापसाची हलकी गादी. जखम भरून डॉक्टर हो म्हणाले की वजनाची. मेडिकलमध्ये सिलिकॉनची मिळते. परवडत नसेल तर मी दुहेरी सुती पिशवीत मोहरी भरते: दाणा गोल, टोचत नाही, हालचालीबरोबर हलतो. पिशवीला चेन ठेवा, धुताना मोहरी काढून ठेवता येते, नाहीतर बुरशी. वजन बरोबर झालं हे आरशापेक्षा खांद्यांवरून कळतं: ब्राच्या दोन्ही पट्ट्या सारख्या ताणल्या पाहिजेत आणि हलकी बाजू वर चढली नाही पाहिजे.

बाही सैल. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला घट्ट काठ, इलास्टिक, काचणारी बांगडी नको. दर महिन्याला दोन्ही हात मोजा: कोपराच्या १० सेंटीमीटर वर आणि १० सेंटीमीटर खाली, प्रत्येक वेळी त्याच जागी. आधीपेक्षा फरक २ सेंटीमीटरवर गेला किंवा हात जड वाटायला लागला, तर बाही उसवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सूज लवकर धरली तर आवरते.

भारी साडीवरचा ब्लाऊज शेक संपून निदान सहा महिने होईपर्यंत शिवायला टाकू नका, तोवर माप हलत राहतं. घरात लग्नच असेल आणि थांबता येत नसेल, तर बाजूच्या शिवणीत दोन्हीकडं दीड-दीड इंच कापड दाबून ठेवायला सांगा आणि कप्पा टाचून नको, हुकांवर बसवून घ्या.